दुसऱ्याचा विषय

पावडरीच्या डब्यावरची बाई हसत होती. फार नाही, भरवसा वाटावा इतपत. केस काळेभोर, कपाळ इस्त्री केल्यासारखं, गळ्यात स्टेथोस्कोप. हाडांच्या डॉक्टरीण बाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात घातल्याला कितीतरी वर्षं लोटली होती. हाडं काही धडधडत नाहीत. पण फोटो काढणाऱ्यानं तो स्वतःच्या पेटीतून काढून त्यांच्या गळ्यात अडकवला होता. "हे दिसलं की लोकांना धीर येतो, मॅडम," असं म्हणाला होता. कपाळावरच्या आठ्या त्यानं मागाहून पुसल्या.

पहिला डबा घरी आला तेव्हा मास्तरांनी तो खिडकीतल्या उजेडात धरला. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेतल्या मुलांना गाणं शिकवण्यात त्यांची हयात गेली. नोकरी संपली तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणे, आणि बाईसुद्धा. बसल्या जागी दोन ओळी जुळवायची त्यांना खोड होती. दूध उतू गेलं की दोन ओळी, छत्री हरवली की दोन ओळी. पहिली ओळ मोठ्यानं म्हणायची, मग दम धरायचा, समोरच्याला ताटकळत ठेवायचं, आणि कढीपत्ता तडतडावा तशी दुसरी ओळ टाकायची. बाईंचं अर्धं आयुष्य त्या दुसऱ्या ओळीची वाट बघण्यात गेलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

डबा उजेडात फिरवत मास्तर म्हणाले,

"माझी गं डॉक्टरीण, हसते डब्यावर..."

बाई हात पुसत थांबल्या.

"घरात पाहावं तर, आठ्या कपाळावर."

"आठ्या तुमच्यापायी आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतो, माझ्या आहेत. त्यांनी पुसल्या कोणाला विचारून?"

डबे काढणाऱ्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर बाईंना सरांनी आणलं. सर म्हणजे पोटाच्या विकारांचे मोठे डॉक्टर. बाई कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या आणि अजूनही त्यांच्यापुढे बसताना खुर्चीच्या कडेवर बसत. सरांनी फोनवर सांगितलं, "अगं, करायचं काही नसतं. यायचं, ऐकायचं, आपल्या पानावर सही करायची. आपल्यासारखी माणसं नसली तर हे लोक काहीही विकतील." हे शेवटचं वाक्य बाईंना पटलं. मनापासून पटलं.

कंपनीच्या वरच्या मजल्यावर लांबट काचेचं टेबल होतं. गारवा इतका की बाई शाल नेत. प्रत्येकापुढं नावाची पाटी, पाण्याची बाटली, आणि वाट्यांमधून पावडरीचे नमुने, चिमुकल्या चमच्यांसकट. एका टोकाला मालक बसे. वयानं बाईंच्या विद्यार्थ्यांएवढा, आवाज मऊ, दारापर्यंत पोचवायला येणारा. तो कुणाला कधी नाही म्हणत नसे, आणि होय म्हणालेलंही बाईंना कधी आठवलं नाही.

या टेबलाची एक रीत होती. ज्यानं त्यानं आपल्या डब्यात काय काय आहे त्याचं पान वाचायचं. हाडांचं पान बाईंचं, पोटाचं सरांचं, डोक्याचं मेंदूच्या डॉक्टरांचं. एक जण वाचत असताना बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं किंवा मान डोलवायची. दुसऱ्याच्या पानावर पेन टेकवायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे तो वॉर्डातून शिकून आले होते. दुसऱ्याच्या पेशंटच्या खाटेपाशी रेंगाळायचं नाही. नजर गेलीच तर मान हलवायची आणि पुढं सरकायचं. त्यालाच सभ्यपणा म्हणायचं.

पहिल्याच बैठकीत बाईंचा पाय घसरला होता. मेंदूच्या डॉक्टरांचं पान वाचून होत असताना त्या सहज बोलून गेल्या, "डी जीवनसत्त्व इथंही आहे का? माझ्या डब्यात आहे ते."

मेंदूचे डॉक्टर चष्म्यावरून हसले. "बाई, मी कधी तुमच्या प्लास्टरला हात लावला का?"

टेबल हसलं. सर हसले, मालक हसला, बाईही हसल्या. शाल जरा घट्ट ओढून घेतली आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर समोरच्या इमारतीच्या काचा एक माणूस दोराला लटकून पुसत होता.

तर असे तीन डबे झाले. पांढरा हाडांचा, त्यात कॅल्शियम आणि ते अंगी लागावं म्हणून डी. हिरवा पोटाचा, त्यात आम्ल शमवणारा चुन्यासारखा क्षार, म्हणजे तेही कॅल्शियमच, पण सरांच्या पानावर त्याचं काम वेगळं होतं म्हणून त्याला तिथं कॅल्शियम म्हणायची कुणाला गरज पडली नाही. जांभळा डोक्याचा; त्यात पुन्हा डी, कारण कुठल्याशा नव्या अभ्यासात स्मरणशक्तीसाठी ते चांगलं असल्याचं आलं होतं. प्रत्येक डबा आपल्या जागी सज्जन होता. तिघांपैकी एकाच्याही पानात कुणाला चूक काढता आली नसती.

मग जाहिरात आली. दिव्यांच्या झोतात बाईंना उभं केलं आणि समोर पडद्यावर अक्षरं सरकू लागली. त्यांनी आधी मनात वाचलं: सकाळी हाडं, दुपारी पोट, रात्री डोकं. तिन्ही घ्या, निश्चिंत राहा.

"तिन्ही?" बाईंनी विचारलं.

"सरांच्या नजरेखालून गेलंय, मॅडम," मालक मऊपणे म्हणाला.

सरांच्या नजरेखालून गेलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सरांना मात्र वाटलं होतं की वाक्यात हाडं पहिली आहेत, म्हणजे तिनं बघितलं असणार. हे बाईंना पुढं कळलं, जेव्हा कळून काही उपयोग नव्हता. त्या दिवशी त्यांनी हनुवटी उचलली आणि चांगल्या गोड आवाजात सांगितलं, तिन्ही घ्या.

घरी डबे खोक्यांनी येत. बाई वाटून टाकत. कामाला येणाऱ्या मावशींना, शेजारच्या काकूंना, दवाखान्यातल्या नर्सना. स्वतः घ्यायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही. मास्तरही आधी घेत नव्हते. पण संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर त्यांची मंडळी जमत. पोस्टातून निवृत्त झालेले आप्पा, कापडाचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले भाऊ. ती सगळी मंडळी वहिनींचा फोटो बघून डबे घेऊ लागली होती.

एकदा आप्पांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही कोणता घेता?"

"मी? मी तर तिच्या हातचं जेवतो, तेवढं पचलं म्हणजे पुरे."

सगळे हसले. पण भाऊ जरा थांबून म्हणाले, "म्हणजे घरचाच माणूस घेत नाही म्हणा."

हे मास्तरांना लागलं. घरी येऊन त्यांनी तिन्ही डबे उघडले. बायकोची मान खाली जाईल असं कुणी बोलू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. सकाळी पांढरा, दुपारी हिरवा, रात्री जांभळा. सगळं दुधातून, आणि चमचा शिगोशीग, कारण हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाईंनी बघितलं आणि त्या हसल्या. आपल्यावरचं प्रेम म्हणून त्यांनी ते बघितलं. ते प्रेम होतंच. पण त्या डॉक्टरही होत्या, आणि डॉक्टर म्हणून त्यांनी ते बघितलंच नाही.

पाऊल न वाजवता आजार आला. आधी तहान. मास्तर तांब्या घेऊन घरभर फिरू लागले. मग पोट साफ होईना. मग जेवणावरची वासना गेली. मग गाण्याची पेटी उघडायची आणि नुसतं भात्यावर हात ठेवून बसायचं. बाई म्हणाल्या, वय झालं. मास्तर म्हणाले, तुझंही झालं की, तू कुठं अशी बसतेस.

बाईंना खरी धास्ती वाटली ती एका साध्या सकाळी. खिडकीत चिमणी आली होती. मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले,

"खिडकीतली चिमणी, आली पाहुणी होऊन..."

बाई थांबल्या. चहा गाळता गाळता थांबल्या. मास्तर चिमणीकडे बघत राहिले. चिमणी उडाली. चहा गार झाला. दुसरी ओळ आली नाही.

"पुढं?" बाईंनी विचारलं.

"कशाचं पुढं?" मास्तर म्हणाले.

बाई त्यांना सरांकडे घेऊन गेल्या. सरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, आणि विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

"रक्तदाबाची एक गोळी," बाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"कोठा जड झालाय. आपला हिरवा डबा देतेस ना? संध्याकाळीही देत जा. घरचा वैद्य असून नवऱ्याचं पोट बिघडलेलं, बरं दिसत नाही गं."

मग मेंदूच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मास्तरांना उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मास्तरांचं घड्याळ गोल आलं, पण काटे एका कोपऱ्यात जाऊन बसले, भांडण झालेल्या नवराबायकोसारखे.

"औषधं?"

"रक्तदाबाची एक गोळी. बाकी काही नाही."

"बाई, तुम्हाला काय सांगायचं. सुरुवात आहे. जांभळा चालू ठेवा, त्यानं निदान वेग कमी होईल."

दोन्ही ठिकाणी बाईंनी खरं तेच सांगितलं होतं. औषधं म्हणाल तर एक गोळी. डबे ही काय औषधं होती? ते तर आपलेच होते. आपल्या हातचं जेवण कुणी डॉक्टरला सांगतं का?

ती रक्तदाबाची गोळी साधीच होती, कितीतरी म्हाताऱ्या माणसांना दिली जाणारी. तिचा एक स्वभाव आहे. ती अंगातलं कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना बाईंनी स्वतः हे शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बाई अंघोळ करून आल्या तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात उभे होते. ओट्यावर तिन्ही डबे रांगेत मांडलेले. बाईंना बघून ते बाजूला सरकले, परक्या बाईला वाट द्यावी तसे, अदबीनं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

बाईंना वाटलं, थट्टा. मास्तरांची थट्टा अशीच सुरू होत असे.

"तुमची बायको पाहिजे. आहे का घरात?"

"आहे की," मास्तर म्हणाले आणि पांढऱ्या डब्यावर बोट ठेवलं. "ही काय. डॉक्टर आहे ती. तुम्ही बसा, ती येईल आता." मग जरा वाकून, गुपित सांगितल्यासारखं, "तुम्ही कोण म्हणून सांगू?"

बाईंनी त्यांचं बोट धरलं. ते बोट जिथं टेकलं होतं तिथं बघितलं. काळे केस, इस्त्रीचं कपाळ. त्या बाईला नवऱ्यानं ओळखलं होतं. मग त्यांची नजर पुढच्या डब्यावर गेली, आणि त्यापुढच्या. हात आपोआप पुढं झाला. त्यांनी हिरवा डबा फिरवून मागचं वाचलं. जांभळा फिरवून वाचला. इतक्या दिवसांत दुसऱ्याचं पान त्यांनी वाचलं ते आज, ओल्या केसांनी, स्वयंपाकघरात उभं राहून. बेरीज तर शाळकरी पोर करील इतकी सोपी होती. कुणी करायची, एवढंच ठरलं नव्हतं.

हॉस्पिटलात किडनीचा डॉक्टर धावत आला. बाईंच्याच हाताखाली शिकलेला, हुशार पोरगा. रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम इतकं चढलेलं की त्यानं तपासणी पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच आलं.

"मॅडम, मास्तर काय काय घेतात?"

बाईंनी पिशवीतून तीन डबे काढले आणि टेबलावर ठेवले. त्यानं एकेक उचलून वाचलं. वाचताना त्याच्या भुवया जवळ आल्या.

"तिन्ही?"

"हो."

"रोज?"

"सकाळी हाडं, दुपारी पोट..." बाई बोलल्या आणि थबकल्या. जाहिरातीची चाल आपसूक तोंडात आली होती, चढउतारासकट.

पोरगा खाली बघू लागला. गुरूचा विषय होता. त्यानं डबे हलकेच परत पिशवीत ठेवले, फोटो आत येईल असे.

सलाईन लागलं, गोळी बदलली, डबे बंद झाले. बाई खाटेच्या कडेला बसून राहिल्या. मास्तर झोपेत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, सगळ्या पहिल्या ओळी. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग हात उचलून, सलाईनची नळी सांभाळत, त्यांच्या कपाळावर बोट फिरवलं.

"आठ्या," ते म्हणाले. "म्हणजे तूच."

बाईंनी तोंड फिरवलं. नर्सला वाटलं, मॅडमना काही हवंय.

मास्तर घरी आले. किडन्यांचं जे गेलं ते गेलंच; पाणीसुद्धा आता मोजूनच प्यायचं होतं. ते परत येणार नाही, असं पोरग्यानं सांगितलं होतं, बाईंच्या डोळ्यांत न बघता. चालताना आता भिंत धरावी लागे. माणसं ओळखू येत, तारखा येत, पेटीवर बोटंही फिरत. पण ओळी मात्र लंगड्याच राहिल्या. पहिली येई, दुसरी येत नसे. मास्तर वाट बघत, मग लाजल्यासारखे हसत आणि म्हणत, "राहू दे. ऊन चांगलं पडलंय." डोकं सावरलं की नाही हे रिपोर्टांवरून ठरतं असं बाईंना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. त्यांचा कान त्या दुसऱ्या ओळीकडे लागलेला होता.

पुढच्या बैठकीला त्या शाल न घेता गेल्या. आपलं पान वाचायची पाळी आली तेव्हा त्यांनी पान उलटं ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. तीन डब्यांची बेरीज सांगितली. गोळीचा स्वभाव सांगितला. ही गोळी घेणारी आणि आपले डबे घेणारी माणसं एकच आहेत, कट्ट्याकट्ट्यांवर बसलेली आहेत, हेही सांगितलं. "तिन्ही घ्या हे वाक्य काढा. आणि डब्यावर समोर, मोठ्या अक्षरांत लिहा, की तिन्ही एकदम घेऊ नयेत."

मेंदूच्या डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मास्तर कसे आहेत आता?" सरांनी विचारलं.

"आहेत."

"देवाची कृपा. हे बघ, तुझं मन मी समजू शकतो. पण किडनी हा या टेबलावर कुणाचाच विषय नाही. ज्यात आपला अधिकार नाही त्यात विधान कसं करायचं?"

मेंदूचे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "चमचा सपाट घ्यायचा असतो. तसं चित्र आहे डब्यावर. मास्तर किती घेत होते?"

"शिगोशीग."

"मग तर मुद्दाच संपला."

"तुम्ही त्यांना तपासलंत," बाई म्हणाल्या. "घड्याळ काढायला लावलंत. आणि जांभळा चालू ठेवा म्हणालात."

"तुम्ही सांगितलंत, बाकी काही नाही. मी लिहून घेतलंय."

हे खरं होतं. बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीकडे बघितलं.

मालकानं खुर्ची थोडी पुढं ओढली. "मॅडम, मला फार वाईट वाटलं. मास्तरांना मी स्वतः भेटायला येणार आहे. पण एक विचारू का? गैरसमज करून घेऊ नका. तिन्ही घ्या असं मास्तरांना सांगितलं कोणी?"

सगळ्या गावाला माहीत होतं कोणी सांगितलं ते.

"ओळ घालू या ना," मालक म्हणाला. "मॅडम एवढं म्हणताहेत तर घालू या. समोर जागा नाही, समोर मॅडमचाच फोटो आहे. तळाला घालू, तारखेशेजारी." मग सगळ्यांकडे बघत, नवीनच सुचल्यासारखं, "आणि खरं म्हणजे किडनीचं आपल्याकडे काहीच नाही. मास्तरांवर उपचार केले ते डॉक्टर कोण? येतील का ते मंडळावर?"

"विचारायला हरकत नाही," सर म्हणाले. "चांगला मुलगा आहे."

"माझं नाव काढा," बाई उठत म्हणाल्या. "आणि फोटोही."

"नाव उद्याच काढतो," मालक दारापर्यंत पोचवायला आला. "फोटोचं असं आहे मॅडम, डबे छापून तयार आहेत. ते संपेपर्यंत तरी तुम्ही आमच्याच."

ते डबे संपले नाहीत. बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं, तिथं काचेमागं बाई ओळीनं हसत उभ्या होत्या, खालपासून वरपर्यंत. बाईंनी कट्ट्यावरच्या मंडळींना सांगून बघितलं. आप्पा म्हणाले, "वहिनी, मास्तरांचं दुःख मोठं आहे, माणूस असा हळवा होतो," आणि भाऊंनी मान डोलवली. मग एका सकाळी, मास्तरांची नवी गोळी आणायला, त्या दुकानात शिरल्या.

पुढं एक म्हातारी उभी होती. पाठीत वाकलेली, हातात कापडी पिशवी. दुकानदारानं तिच्यापुढं पांढरा, हिरवा, जांभळा असे तीन डबे ठेवले, आणि शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट. बाईंनी पाकीट ओळखलं.

"आजी, हे तिन्ही नका घेऊ," त्या म्हणाल्या. "या गोळीबरोबर तर नकोच."

म्हातारीनं वर बघितलं. "का गं बाई?"

"किडनीला बाधतं. माझ्या घरात झालंय."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते. मी डॉक्टर आहे." मग दुसरा इलाज नाही म्हणून त्यांनी डबा उचलून आपल्या गालाशेजारी धरला. "ही मीच आहे."

म्हातारीनं डब्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, पुन्हा डब्याकडे बघितलं. या काही महिन्यांत बाईंचे केस पांढरे पडले होते. डोळ्यांखाली काळं साचलं होतं. कपाळावर तर नांगर फिरला होता.

"तुम्ही मोठी बहीण का तिची?" म्हातारीनं विचारलं, मायेनं.

"नाही हो आजी. मीच."

"असेल, असेल," म्हातारी समजूत काढल्यासारखी म्हणाली. "पण ही सांगते तिन्ही घ्या म्हणून. टीव्हीवर सांगते. शिकलेली आहे ती."

बाईंनी डबा उलटा केला. तळाला, तारखेशेजारी, मुंगीच्या पायांएवढी ओळ होती. "हे वाचा. मीच लिहायला लावलंय."

"चष्मा घरी राहिला. आणि असा उलटा धरून कोण वाचणार? उघडलेला असला तर सांडायचं की सगळं."

दुकानदार इतका वेळ बिलाच्या यंत्रावर बोट ठेवून थांबला होता. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमचं काय द्यायचंय?" म्हातारीनं तिन्ही डबे पिशवीत भरले. जाताना तिनं बाईंच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या अंगात रक्त कमी दिसतंय. तुम्हीपण घेत जा."

बाई घरी आल्या. मास्तर खिडकीशी बसले होते, मांडीवर पेटी, समोर पाण्याचा पेला, मोजून दिलेला. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. गालाशेजारी डबा धरल्याचं सांगितलं, मोठ्या बहिणीचं सांगितलं. मास्तर हसले नाहीत. भात्यावर हात ठेवून ऐकत राहिले. मग हळूच, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले,

"माझी गं डॉक्टरीण, तिचे मुखडे झाले दोन..."

बाई गोळ्यांची पुडी हातात धरून उभ्या राहिल्या. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, थांबत होते. बाईंना वाटलं, आता लाजतील, आता ऊन चांगलं पडलंय म्हणतील. त्यांनी श्वास धरून ठेवला.

"एक म्हणतो घ्या हो घ्या," मास्तर म्हणाले, आणि मान त्यांच्याकडे वळवली, "दुसऱ्याला पुसतं कोण."

आली होती. चालीत आली होती, जागच्या जागी येऊन बसली होती, कुठंही न अडखळता. मास्तरांच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती; आपल्याला जमलं हे त्यांचं त्यांनाच कळत होतं, आणि ते वाहवाची वाट बघत होते.

"छान," बाई म्हणाल्या. त्यांनी पुडी फोडली, एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि पेल्यातलं अर्धं पाणी दुपारसाठी वेगळं काढून ठेवलं.